पाडणारा किरकटवाडीला गेला

नारायण पेठेत रणजित खळदकर दोन गोष्टींसाठी ओळखला जातो. एक म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट काळ्या रेक्झिनमध्ये बांधून त्यांवर सोनेरी अक्षरं उठवणं, आणि दुसरं म्हणजे गणपतीत मंडळाच्या जिवंत देखाव्यात असुर होणं. वय सदतीस. लग्न नाही, आणि ते का नाही हे विचारलेलं त्याला खपत नाही.

असुर दरवर्षी बदलतो. व्यसनासुर झाला, प्लास्टिकासुर झाला, यंदा मोबाइलासुर. शिंगं तीच, मिशा त्याच, फक्त छातीवरची पाटी नवी. पाडणारा मात्र नऊ वर्षं एकच होता, ऋषी. शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी एका स्कूटरवर अख्खं पुणं पालथं घातलेलं, एकाची आई रागावली की दुसऱ्याच्या घरी जेवायचं. देखाव्याच्या शेवटी नायक झालेला ऋषी "संपलास तू" म्हणून हात उगारायचा आणि रणजित पाठीवर धाडकन पडायचा, थेट लाकडी फळ्यांवर. संध्याकाळभरात आठ-दहा वेळा. कधी पडायचं ते त्याला ऋषीच्या खांद्यावरून कळायचं. हात उठायच्या आधी तो खांदा किंचित वर जायचा.

मग ऋषीचं लग्न झालं. ठीक आहे, लोकांची होतात. पण त्याने फ्लॅट घेतला तो थेट शहराबाहेर, किरकटवाडीला. बाल्कनीतून खडकवासल्याचं पाणी दिसतं म्हणे. दिसतं, खोटं कशाला बोला, कठड्यावर वाकून मान पिळली तर दिसतं. रणजित पहिल्यांदा गेला तेव्हा फाटकावरच्या वॉचमनने त्याला विचारलं, "डिलिव्हरी का?" ऋषीने मोबाइलवर परवानगी दिल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि ऋषी मीटिंगमध्ये. वीस मिनिटं हा बाबा हातात बाकरवडीचा पुडा घेऊन उन्हात उभा. वर गेल्यावर उत्कर्षावहिनींनी चहा दिला, गोड हसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी कळवून या हं भाऊजी, म्हणजे आम्हालाही बरं पडतं." ऋषी शेजारीच बसला होता. मोबाइलवर बोट फिरवत राहिला. रणजितच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याने चहा संपवला, कप उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि निघाला.

आता एक सांगायला हवं. जिवंत देखाव्यात खरं कोणी बोलत नसतं. संवाद महिनाभर आधी स्टुडिओत रेकॉर्ड होतात आणि मंडपात नुसते ओठ हलवायचे असतात. यंदाच्या रेकॉर्डिंगला ऋषी आला, अर्ध्या तासात मोकळा झाला. वहिनी खाली गाडीत बसल्या होत्या. जाताना म्हणाला, "दहाही दिवस येतो रण्या, काळजी करू नको." या एका वाक्यावर रणजित अध्यक्षांशी भांडला. अध्यक्ष हिंमतराव सांगत होते की एखादा बदली माणूस तयार ठेवू. रणजित भर बैठकीत म्हणाला, "ऋष्या येणार म्हणजे येणार. दुसरा उभा केलात तर शिंगं तुम्ही घाला." सगळ्यांसमोर त्याने मित्राच्या वतीने शब्द दिला होता.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी मेसेज आला. फोनसुद्धा नाही. 'आमच्या सोसायटीचा पहिलाच गणपती आहे, मी कमिटीवर आहे, या वर्षी जमणार नाही. आवाज तर आहेच माझा.' आणि खाली जोडलेले दोन हात.

हिंमतरावांनी मेसेज वाचला आणि सरळ बदली माणूस शोधायला घेतला, तेच जास्त झोंबलं. मग अकोल्याच्या संतोषला उभा केला. पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या एका खाटेवर राहणारा, कंपनीतून धावतपळत येणारा, मनाने चांगला माणूस. पण तोंड त्याचं आणि आवाज ऋषीचा. पहिल्याच दिवशी रणजितला वाटलं, त्याच्या तोंडावर उशी दाबावी. सात दिवस तो संतोषच्या हाताकडे न बघता, नुसते शब्द मोजून पडत राहिला. पाठ सोलून निघाली.

आठव्या दिवशी संध्याकाळी साडेसातला ऋषी आला. काम करायला नव्हे, बघायला. बरोबर वहिनी आणि सोसायटीतली चार माणसं, पेठेतले गणपती बघायला निघालेली. पडदा बाजूला करून आत डोकावला आणि त्या लोकांना म्हणाला, "हे रणजित. आमच्या जुन्या मंडळातले."

रणजितने मिशी चिकटवता चिकटवता विचारलं, "पार्किंग मिळालं?"

"मिळालं."

"मग झालं तर."

ऋषी उगाच हसला आणि गर्दीत जाऊन पहिल्या रांगेत मोबाइल धरून उभा राहिला. रणजितने तिथेच ठरवलं, आज पडायचं नाही. मेलो तरी नाही.

देखावा सुरू झाला. शेवट आला. स्पीकरमधून ऋषी गरजला, "संपलास तू." संतोषने हात उगारला. रणजित ढिम्म. छाती काढून उभा, नजर थेट पहिल्या रांगेत. पोरं हसायला लागली. संतोष बिचारा हात वर धरूनच राहिला. साउंडवाल्याला वाटलं काहीतरी चुकलं, त्याने तेवढा तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला.

आणि गर्दीत ऋषीचे ओठ हलले. त्याच्या ध्यानीमनीही नसेल. नऊ वर्षांचं पाठांतर, तोंड आपोआप चाललं, आणि मोबाइल नसलेल्या बाजूचा खांदा किंचित वर गेला.

रणजित धाडकन पडला. संतोषचा हात खाली यायच्या आधी पडला. मनाने नाही म्हटलं होतं, पाठीने ऐकलं नाही. टाळ्या पडल्या. पडदा लागेपर्यंत असुराला हलता येत नाही, म्हणून तो मंडपाच्या छताकडे बघत तसाच पडून राहिला. पडदा लागल्यावर उठून फटीतून पाहिलं तर किरकटवाडीची मंडळी पुढच्या मंडळाकडे निघालीही होती. ऋषी चालता चालता वहिनींना मोबाइलवर काहीतरी दाखवत होता.

हिंमतराव आत आले. "काय रे, पहिल्या वेळी का नाही पडलास?"

"पडायचंच नव्हतं मला, हिंमतराव," रणजित म्हणाला. "त्याच्यासाठी तर मुळीच नव्हतं." बोलताना त्याच्या डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं, आणि त्याला त्याचाही राग येत होता.