दुखणं किती? दोन!

एखाद्या गटात वर्षभर बसलं की किस्से आपोआप साचतात. पण कॅन्सर पेशंटच्या गटातला किस्सा घरी सांगायला गेलं, की ऐकणारा आधी हळहळतो आणि मग हसावं की नाही, याचा त्याला प्रश्न पडतो. मलाही पडतो!

आमचा गट डोंबिवलीत, दर बुधवारी. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच असतात. त्यांच्या जोडीला श्वास, मालिश, गाणं असल्या गोष्टींनी दुखणं थोडं हलकं करायचं, हे आमचं काम. शिकवते स्नेहा, फिजिओथेरपिस्ट. मी रिटायर्ड शिक्षिका, व्हॉलंटियर. म्हणजे सतरंज्या घालायच्या आणि गोंधळून बघत बसायचं.

*

एकदा स्नेहाने सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "तुम्ही नदीकाठी बसलाय. पाणी शांत वाहतंय. दुखणं पाण्याबरोबर चाललंय..."

बँकेतून रिटायर झालेले पेंडसे काका पाठदुखीने बेजार. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि एकदम कपाळाला आठ्या!

"काका, दुखतंय का?"

"छे हो. मी खडवलीच्या नदीवर आलोय. पण चपला कुठे काढल्या, तेच आठवत नाहीये!"

शेजारच्या म्हात्रे मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या, "तुमी बसा निवांत. मी बगतंय चपलांकडं."

त्यानंतर काकांना म्हणे फार शांत वाटलं. पुढच्या बुधवारी त्यांनी जाहीरच केलं, "मावशी आल्याशिवाय मी नदीवर जाणार नाही."

*

दुखऱ्या भागाला बारीक करंट देणारं एक मशीन आहे आमच्याकडे. काकांच्या पाठीला त्याचे पॅड लावले. काका खूष. "वा! मुंग्या येतायत. उतरलं बरं का!"

स्नेहा मशीन बंद करायला गेली, तर वायर जोडलेलीच नव्हती.

"अहो काका, हे तर चालूच नव्हतं!"

"मग मला बरं का वाटलं?"

"तेच मला कळत नाहीये."

पुढच्या वेळी तिने वायर नीट तपासून जोडली. काका म्हणाले, "आज त्या दिवसासारखी मजा नाही."

*

मग तळहाताच्या मालिशचा दिवस. घरच्यांनी पेशंटचा हात हातात घ्यायचा. पेंडसे काकूंनी धरला, तर काका कावरेबावरे. "अगं, लोक बघतायत!"

"बघू देत. कमी वाटतंय का ते सांगा."

"नाही सांगणार. सांगितलं की सोडशील."

मी उगाचच सतरंजी झटकायला बाहेर गेले. डोळ्यांत पाणी आलं होतं.

*

आता म्हात्रे मावशी. मणक्यात दुखणं. शून्य ते दहामध्ये किती, असं आम्ही प्रत्येकाला विचारतो. मावशींचं उत्तर ठरलेलं, "दोन." उठताना ओठ दाबतील, पण दोनच! आम्हाला वाटलं, आपले उपाय काय लागू पडतायत!

एका बुधवारी त्यांची सून जयश्री सोबत आली. मावशी "दोन" म्हणाल्या आणि ती उसळलीच. "दोन? घरात भिंत धरून चालता ना, आई!"

मावशींनी पदर सारखा केला. मग हळूच म्हणाल्या, "जास्त बोलली तं तुमी दुसरी धवलारीन बोलवाल."

मावशी गावच्या धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन विधी चालवणारी बाई ती. नातवाचं लग्न जवळ आलेलं आणि तिथे तासन् तास बसून गायचं.

"नातवाच्या लग्नान दुसरी बाय गानार? मी जिती असताना?"

स्नेहाचा चेहरा उतरला. म्हणजे आमचं शिकवणं लागू पडत होतं की नव्हतं? मला आजही सांगता येणार नाही. शेवटी ती म्हणाली, "मावशी, खरा आकडा सांगा, म्हणजे डॉक्टर नीट गोळी देतील. गाण्याचं मी बघते."

जयश्री म्हणाली, "तुम्ही दहा सांगितलंत तरी दुसरी बोलावणार नाही. शब्द देते!"

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. स्नेहाने उंच खुर्ची, पाठीला उशी, प्रत्येक धवल्यानंतर उठून चार पावलं आणि गाण्याच्या ओळीबरोबर लांब श्वास, असं सगळं बसवून घेतलं.

*

लग्नाला आम्ही दोघी गेलो. मांडवात मावशी खुर्चीत, नवी साडी, मागे बायका ओळी उचलणाऱ्या. आवाज असा खणखणीत, की स्नेहा मला म्हणाली, "या त्याच का?"

एक धवला संपला. मावशी उठून चालल्या, परत बसल्या. चेहरा फुललेला. स्नेहाला राहवलं नाही.

"मावशी, आता किती?"

मावशींनी आधी जयश्रीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"दहा!"

जयश्री हळदीचं ताट घेऊन चालली होती, ती जागीच थांबली. मावशी तिच्याकडेच बघत होत्या, अगदी रोखून. स्नेहा माझ्याकडे बघायला लागली, मी स्नेहाकडे.

जयश्रीने ताट खाली ठेवलं. मावशींच्या पाठीची उशी नीट केली आणि पदर खोचून त्यांच्या पायाशी बसली.

"म्हणा आई. शब्द म्हणजे शब्द. मी इथंच आहे."

आणि मावशींनी पुढचा धवला उचलला.