खलास

सौदीत यान्बूच्या रिफायनरीकडे जाणाऱ्या बसमध्ये ते रोज माझ्या शेजारी बसत. रत्नागिरीकडचे वेल्डर, नाव मी कधी विचारलं नाही. चहा संपला, आठवडा संपला, की हात झटकून म्हणायचे, "खलास!" मला त्या शब्दाचा वीट आला होता.

एकदा उन्हाच्या तिरिपेत धूळ नाचत होती. मी म्हटलं, "चाचा, एक जुना रोमन कवी सांगायचा, सगळं अशाच बारीक कणांचं बनलंय. वस्तू मोडते, कण संपत नाहीत. दुसरीकडे जाऊन दुसरं काहीतरी होतात."

त्यांनी तळहात उन्हात धरून उलटसुलट पाहिला.

नोकरी सोडून कायमचे गावी निघाले, तेव्हा शेवटच्या दिवशी मीच विचारलं, "मग चाचा, खलास?"

झटकायला उचललेला हात त्यांनी छातीवर ठेवला आणि हसले.

"नाय ओ. हिकडचा कण तिकडे चाललाय."