‘कुरडई-पापड’ नावाचा ग्रुप

गव्हाच्या चिकाचा आंबूस वास आला की छावणी भागातल्या आमच्या घराची गच्ची आठवते. मनातलं बोलायला काढलेल्या आम्हा बायकांच्या मोबाइलवरच्या ग्रुपला मी मुद्दाम ‘कुरडई-पापड’ नाव दिलं होतं, म्हणजे घरात कुणी उघडून बघणार नाही. पण इतरांच्या कुरडया कशा झाल्या ते बघायला सासूबाईंनीच माझा मोबाइल घेतला आणि बोट लागून ग्रुपमधल्या एकीचा रेकॉर्ड केलेला आवाज गच्चीभर घुमला, ‘अंथरुणात मलाही सुख पाहिजे, हे मी नवऱ्याला सांगितलं.’ सोऱ्या टाकून मी मोबाइल बंद करायला धावले. जिन्यातून सासऱ्यांनी विचारलं, ‘काय चाललंय?’ ‘कुरडयांचं चाललंय, तुम्ही जा खाली,’ सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या, ‘मला बी घे त्यात. चाळीस वर्षांत मला कुणी इचारलंच नाय.’ आज ग्रुपचं ते खोटं नाव मी काढून टाकलं. कशाचा ग्रुप म्हणून कुणी विचारलंच, तर आम्ही दोघी सांगू.