साडूभाऊंचा जोड

कुठलीही गोष्ट संपू द्यायची नाही, असा पण केलेला माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधला तरी आमच्या साडूभाऊंशिवाय दुसरा सापडला नसता. नव्वदच्या दशकात ते सुरतेबाहेरच्या एका पोलाद कारखान्यात होते. पत्र्याचे अजस्र गुंडाळे उलगडून अ‍ॅसिडच्या टाकीतून धुऊन काढायची ती लाइन. एक गुंडाळा संपत आला की त्याच्या शेपटाला पुढच्याचं तोंड वेल्डिंगने जोडायचं, म्हणजे लाइन थांबत नाही. हे काम साडूभाऊ स्वतःच्या हाताने करत, आणि जोड झाला की त्यावर हातोडी टकटक वाजवून, कान लावून, "बोलला!" म्हणत, म्हणजे जोड पक्का.

हेच खूळ सुरतेतल्या उधन्याच्या त्यांच्या खोलीतही. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवत, त्यामुळे त्यांच्या मोरीतला साबण रंगीबेरंगी दगडासारखा दिसे. विझत आलेल्या उदबत्तीवर दुसरी पेटवत. कपात घोटभर चहा उरला की वरून नवा ओतत, आणि "नको नको" म्हणणाऱ्याचा कप हिसकावून घेत. पाहुणा निघाला की तर विचारूच नका! आपण "निघतो" म्हणायचा अवकाश, हे नवीन विषय काढत. मी चपला घालून उंबऱ्यात उभा, आणि हे धुळ्याच्या कुठल्याशा लग्नातल्या भांडणाची सुरुवात सांगतायत! शेवटी ताईच, म्हणजे माझी मोठी मेहुणी, ओरडायची, "अहो, सोडा त्यांना!"

त्यांचे हे जोड लाइनच्या दुसऱ्या टोकाला कापून भंगारात टाकत. हे कळलं तेव्हा मलाच चरचरलं. "वाईट नाही वाटत?" मी विचारलं. "काबरं?" ते आपल्या अहिराणीत हसले, "लाइन चालू राहिनी ना!"

मग जोड देणारं स्वयंचलित मशीन आलं. दोन्ही टोकं तेच कापायचं, तेच जुळवायचं, तेच वेल्डिंग करायचं, सगळं जाळीच्या आत. साडूभाऊंनी त्याला हार घातला, नारळ फोडला. मशीन रुळेपर्यंत बाहेर उभं राहून लक्ष ठेवायचं, एवढंच काम उरलं. ताईचा जीव टांगणीला लागला. "मशीन रुळलं की ह्यांना कोण ठेवेल?" ती मला विचारायची. हे मात्र खुशाल सांगत, "मशीनच शे ते, त्याले काय समजस? माणूस लागसच!"

आणि एके दुपारी या बाबाने जाळीचं दार उघडून, हातोडी घेऊन, आत जाऊन जोडावर टकटक केलं. दार उघडलं की मशीन बंद, अशी त्याची व्यवस्था. ते पुन्हा सुरू होईस्तोवर जोड होईपर्यंत पुरावा म्हणून पुढे साठवलेला पत्रा संपला, सगळी लाइन थांबली, अ‍ॅसिडमध्ये पडलेला पत्रा वाया गेला. जन्मभर जी लाइन थांबू दिली नाही, ती यांच्याच हातून थांबली. साहेबांना निमित्तच हवं होतं. त्याच आठवड्यात साडूभाऊ घरी बसले.

मला त्यांचा संताप आला होता. चार शब्द सुनावायचेच म्हणून गेलो, पण त्यांचं तोंड बघून धीर झाला नाही. चहा आला. माझा कप तळाशी गेला तरी किटली जागची हलली नाही. ताई पदराने डोळे पुसत आत गेली.

थोड्या वेळाने मी म्हणालो, "निघतो."

"बरं," साडूभाऊ म्हणाले.

उंबऱ्यात मी चपलेचा पट्टा लावला. सोडून पुन्हा लावला.