तिसरा गोल

मुलींच्या आइस हॉकी संघालाही आठवड्यातून एक तास रिंक द्या, एवढंच आमच्या सह्यांच्या पत्रकात होतं. बाहेर कुवेतचं ऊन, आत बर्फ, आणि अख्ख्या शुक्रवारात मला एकही सही नाही!

बाकावर पुढचे दोन दात नसलेला पन्नाशीचा कॅनेडियन हॉकीच्या काठीला टेप गुंडाळत होता. तिकडच्या छोट्या लीगमध्ये त्याने वर्षानुवर्षं ढिगाने गोल मारले, पण मोठ्या लीगने कधी बोलावलंच नाही म्हणे.

"धडधडीत अन्याय आहे हा!" मी भडकले.

"असेल. पण पोरी, बर्फ छोट्या लीगमध्येही तितकाच घसरडा," म्हणत तो खिदळत खेळायला उतरला.

एकाच सामन्यात कुणी तिसरा गोल मारला की प्रेक्षक बर्फावर टोप्या भिरकावतात. त्याने मारला. टोप्या उडाल्या. माझ्याकडे टोपी कुठली? मी पत्रकांचा गठ्ठाच भिरकावला!

खेळ थांबला. त्याने एक पत्रक उचलून वाचलं आणि ओरडला, "सगळ्यांनी सह्या करा, मगच खेळू!"

दोन्ही संघांनी केल्या. आम्हाला तास मिळाला. फक्त त्याची सही ओल्या कागदावर अशी पसरलीय, की नाव काही केल्या वाचता येत नाही.