सोमवारचा शिंगाळा

अनंता गेल्याचा फोन खालच्या मजल्यावरच्या शहांकडे आला. त्यांची सून जिना चढून वर आली आणि दारातूनच म्हणाली, "मावशी, अंधेरीवरून निरोप आहे. तुमचे परुळेकर सर गेले." अनंता माझ्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि मी वनस्पतिशास्त्र. प्रयोगशाळा दोघांची एकच, मध्ये फक्त एक कपाट. त्या दिवशी मला रडू आलं नाही, राग आला. इतकी वर्षं शोधत होता तो मासा त्याला मिळाला नाही तो नाहीच... आता जवळजवळ दोन महिने झाले, तरी राग पुरता गेलेला नाही.

त्याला एकाच प्रश्नाने झपाटलं होतं. वाळूत अंग खुपसून बसणाऱ्या, बिनकण्याच्या एवढ्याशा जिवापासून पुढे जबडा, पाय, मेंदू ही सगळी चैन आली कुठून? नुसत्या बारीकसारीक बदलांनी हे भागणार नाही, असं त्याचं म्हणणं. फार पूर्वी कधीतरी पेशीतला जनुकांचा सगळाच्या सगळा संच एका फटक्यात दुप्पट झाला असणार, बहुधा दोनदा. मग एक प्रत जुनं काम सांभाळत राहिली आणि दुसरी चुकायला मोकळी झाली. तिच्या चुकांतून मासे झाले, बेडूक झाले, आपण झालो. कल्पना त्याची नव्हती, परदेशात कुणीतरी मांडलेली. पण ती आमच्यापैकी कुणाला त्याच्याइतकी लागली नव्हती. मी चिडवायचे, "अरे, आमच्या गव्हाने हे केव्हाच करून ठेवलंय. तुमचे प्राणीच मठ्ठ." तो म्हणायचा, "तुझा गहू उठून चालायला लागला का गं?" एकदा त्याची बायको शालन स्टोव्हला पिन मारता मारता हे ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे घर सांभाळणारी प्रत मी, आणि चुकायला मोकळे तुम्ही." सगळ्यात जास्त वेळ अनंताच हसत होता.

हे दुप्पट होणं अजूनही कुठेतरी चालू असेल, आणि वर्सोव्याच्या मासळीच्या ढिगातही सापडेल, अशी त्याची खात्री. माशाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं. संच वाढला की तेही मोठं दिसतं. म्हणून दर रविवारी सकाळी तो बंदरावर जाऊन ताजे मासे आणायचा, विशेषतः शिंगाळा. कोळणी विचारायच्या, "काय मास्तर, आज पन रगत काढनार काय?" घरी आणून तो प्रत्येक माशाच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, आणि मगच मासा शालनच्या विळीवर जायचा. काच सोमवारी कॉलेजात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. अशाच एका सोमवारी तो कपाटाला वळसा घालून माझ्याकडे आला आणि मला हाताला धरून घेऊन गेला. मी डोळा लावला. केंद्रकं ठळक, जांभळी... आणि नेहमीपेक्षा कितीतरी मोठी. खात्री करायला आता तो मासा हवा होता. पण मासा होता कुठे? परुळेकरांचं घर मालवणकडचं. सोमवारी घरात मासळीचा तुकडा राहता कामा नये, म्हणून रविवारी रात्रीपर्यंत सगळं संपवायचं. आदल्या दुपारी पंगतीला मीही होते. त्या माशाचं मुंडकं माझ्याच ताटात आलं होतं आणि फार चविष्ट लागलं होतं.

पुढे बाहेरचे एक तज्ज्ञ कॉलेजात आले, त्यांना अनंताने ती काच दाखवली. ते म्हणाले, "थेंब सावकाश वाळला की पेशी पसरतात, केंद्रकं फुगलेली वाटतात. मासा आहे का?" अनंता म्हणाला, "खाल्ला." साहेब हसले. मला ते हसू अजून सहन होत नाही. त्यानंतर अनंताने एक फ्रिज घेतला, मासा सोमवारपर्यंत ठेवायचा म्हणून. शालनने साफ नाही म्हटलं. "सासूबाईंनी पाळलं, मी पाळते. सोमवारी घरात मासा राहणार नाही." देवधर्म न मानणारा अनंता तिच्याशी भांडला नाही. त्या फ्रिजमध्ये दूध आणि भाज्या राहिल्या. तो मात्र रविवारमागून रविवार थेंब घेत राहिला. पुन्हा तसा निघालाच तर तोही पोटात गेलेला असणार, हे माहीत असूनसुद्धा.

मग साखरेने त्याचे डोळे नेले. काचा मी बघायला लागले, तो शेजारी स्टुलावर बसून विचारायचा, "काय दिसतंय?" शेवटी मूत्रपिंडं थकली. हॉस्पिटलात भेटले तेव्हा चेहरा सुजलेला, आवाज पार खाली गेलेला. तिथेही तेच. "बघितलंस?" मी म्हटलं, "नेहमीचंच रे." तो म्हणाला, "तू खोटं बोलत नाहीस, म्हणून तर तुझ्याकडे देतो..." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. माणसाने इतकं साधं काहीतरी मागावं आणि तेही मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

परवाच्या सोमवारी सकाळी कॉलेजच्या फाटकाशी शालन उभी होती. तिचा सोमवारचा उपास. रुमालात गुंडाळलेली काच तिने माझ्या हातात ठेवली. थेंब तिनेच घेतला होता, अनंतासारखाच पातळ पसरलेला. मी म्हटलं, "अगं, पण मासा?"

"फ्रिजमध्ये आहे."

"आज? सोमवारी?"

"हो. वरच्या कप्प्यात. दूध काढून खाली ठेवलंय." ती स्वतः आता मासे खात नाही, हे मला माहीत होतं.

दुपारी मी काच रंगवली. स्टूल अजून तिथेच आहे. पुन्हा पुन्हा बघितलं, मग ऑफिसातून तिच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि तिला बोलवायला सांगितलं. ती आली.

"शालन, नेहमीचंच आहे गं."

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या शेजारी देऊन टाकते. रविवारी दुसरा आणीन."