मेण उतरेपर्यंत

चूक नानांची. आधीच सांगतो, नाहीतर लोक चुलीला नावं ठेवतील.

नाना माझे चुलते. वाडीतले सगळ्यात जाणते, असं तेच म्हणतात. मी कॉलेज अर्धवट सोडून एका संस्थेबरोबर सुधारित चुली बसवत होतो. एका चुलीमागे एक किस्सा, आणि चुली तर वाडीभर!

*

पहिली चूल नानांकडेच. पुढच्या तोंडावर भात, मागच्यावर पिण्याच्या पाण्याचा टोप. पाण्यात बंद काचेची नळी सोडलेली, तिच्या वरच्या टोकाला मेण. पाणी जंतू मरण्याइतकं तापलं की मेण वितळून खाली येणार.

भात शिजला आणि मेण सरसर उतरलं. जाळ तोच, लाकडं तीच! ओटीवर जमलेली माणसं नळी बघायला पुढे सरकली. चूल मीच बसवलेली, तरी मीही वाकून बघितलं.

काकू हळूच म्हणाली, "बाय गो, भातासंगती पानी पन शिजलं."

*

शेजारच्या आजीने तिच्या चुलीवर तापलेल्या पाण्याने झकास आंघोळ केली आणि प्यायला विहिरीचं घेतलं. इतकं कढत पिऊन जीव देऊ का, म्हणे. अंग लखलखीत, पोट बिघडलेलं!

*

नानांची सून, म्हणजे माझी वहिनी, मात्र नळीपुढून हलायची नाही. मेण उतरेपर्यंत बोलायचीही नाही. देवापुढे बसावं तशी. तिची दोन वर्षांची चिऊ दर पावसाळ्यात जुलाबाने सुकायची. पुन्हा सलाईन लागलं तर पोरीला घेऊन कायमची माहेरी माणगावला जाईन, असं तिने घरात सांगून टाकलं होतं.

नाना म्हणाले, "आम्ही विहिरीचंच पिऊन म्हातारे झालो."

मी म्हटलं, "तुम्ही झालात. जे झाले नाहीत, ते सांगायला येतात का?"

*

आणि चिऊला सलाईन लागलं.

वाडी चुलीवर घसरली. दवाखान्यातून परत आल्यावर वहिनीने सगळ्यांसमोर चूल पेटवली. मेण उतरलं. तिने टोप उतरवून झाकला आणि ती बाजूला झाली.

नाना आले. झाकण काढून पाण्यात बोट घातलं. "पोरीला चटका बसंल," म्हणत विहिरीच्या हंड्यातून तांब्या भरला आणि आंघोळीच्या पाण्यात विसण घालतात तसा टोपात ओतला. अगदी मायेने.

मी त्यांच्या हातातून तांब्या घेतला.

"रोज घालता, नाना?"

"रोज. निवेपर्यंत पोर वाट बघत बसते ना."

नानांची नात आता माणगावला असते.